परक्या आभाळांतलीं आपलीं नांवें

फ्रान्सच्या उत्तर भागांत सोम या नदीच्याच नांवानें ओळखला जाणारा एक प्रांत आहे. त्या प्रांतांतील हांगार नांवाच्या लहानशा खेड्याच्या दफनभूमीला लागून पहिल्या महायुद्धांत पडलेल्या सैनिकांच्या थडग्यांची एक आंखीव जागा आहे. तेथील पांढऱ्या दगडांच्या रांगांतून हिंडतांना एका दगडापाशीं मराठी माणसाचें पाऊल आपोआप थांबावें. त्या दगडावर जें नांव कोरलें आहे तें लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिंकर याचें. रॉयल एअर फोर्सच्या २३ व्या तुकडींतला हा वैमानिक मूळचा मुंबईचा. त्याच्या मृत्यूचा दिवस ३० जून १९१८ हा होय.

मुंबईचा हा तरुण येथवर कसा आला, कोणती विद्या शिकून आला, आणि त्याचें नांव या दगडावर धड लिहिलें जाण्यापूर्वीं काय काय घडलें, ही हकीकत लहान आहे. पण तिच्या मागें मोठा इतिहास उभा आहे. युद्धाच्या धामधुमींत समुद्रापलीकडे जाऊन विमानविद्या शिकलेल्या हिंदी तरुणांचा तो इतिहास होय. त्यांतले कांहीं घरीं परत आले, कांहीं परक्या मातींत राहिले, आणि कांहींना तर मातीही लाभली नाहीं. त्यांना समुद्रानेंच आपल्या पोटांत घेतलें.

१९१४ च्या ऑगस्टांत युद्धाला तोंड लागलें तेव्हां विमान हें यंत्र पुरतें अकरा वर्षांचेंही झालें नव्हतें. राइट बंधूंचें पहिलें उड्डाण १७ डिसेंबर १९०३ चें. ब्रिटनपाशीं त्या वेळीं विमानांचीं दोन दलें होतीं. लष्कराचें तें रॉयल फ्लाइंग कोअर आणि आरमाराचें तें रॉयल नेव्हल एअर सर्व्हिस. शत्रूच्या खंदकांची टेहळणी करणें व आपल्या तोफांचे गोळे कोठें पडतात तें वरून सांगणें, हें लष्करी वैमानिकाचें मुख्य काम. पाणबुड्यांचा माग काढणें, किनारा राखणें आणि झेपेलिनसारख्या प्रचंड वायुनौकांना अडविणें, हें आरमारी वैमानिकाचें. १ एप्रिल १९१८ रोजीं हीं दोन्ही दलें एकत्र करून रॉयल एअर फोर्सची स्थापना झाली. म्हणजे वेलिंकर ज्या दलाचा अधिकारी म्हणून मरण पावला, तें दल त्या दिवशीं जेमतेम तीन महिन्यांचें होतें.

अशा दलांत हिंदी तरुणाचा प्रवेश होणें ही सोपी गोष्ट नव्हती. हिंदी पलटणींतला सुभेदार कितीही शूर आणि कितीही अनुभवी असो, राजाच्या सहीची सनद, जिला किंग्ज कमिशन म्हणत, ती त्याला मिळत नसे. विलायतेहून नुकताच उतरलेला विशींतला लेफ्टनंट त्या पिकल्या केसांच्या सुभेदारावर हुकूम चालवी. लढाऊ पलटणींतील नऊ हिंदी अधिकाऱ्यांना ही सनद प्रथम मिळाली ती १९१७ च्या ऑगस्टांत. विमानदलाचें दार त्याच्या थोडें आधीं किलकिलें झालें होतें; तें मात्र हिंदुस्थानांत नव्हे, विलायतेंत.

त्या दारांतून शिरलेल्या चार तरुणांचीं नांवें इतिहासानें जपून ठेविलीं आहेत. पहिला रावळपिंडीचा हरदित सिंग मलिक. तो ऑक्सफर्डच्या बॅलियल कॉलेजांत शिकत होता. ब्रिटिश सैन्यांत अधिकारी म्हणून जागा मिळेना, तेव्हां तो फ्रेंच रेडक्रॉसची रुग्णवाहिका चालवूं लागला. पुढें फ्रेंच विमानदलानें त्याला घेण्याची तयारी दाखविली. हें कळतांच त्याच्या ऑक्सफर्डच्या गुरूनें विमानदलाच्या सेनापतीला पत्र लिहिलें. फ्रेंचांना जो चालतो तो ब्रिटनला कां चालूं नये, असा त्या पत्राचा रोख होता. मात्रा लागू पडली आणि १९१७ च्या एप्रिलांत मलिकला सनद मिळाली. पगडी उतरविण्यास त्यानें नकार दिला आणि पगडीवरून बसेल एवढें मोठें शिरस्त्राण मुद्दाम करवून घेतलें.

दुसरा कलकत्त्याचा इंद्रलाल रॉय. लंडनच्या सेंट पॉल्स शाळेंतला हा विद्यार्थी दृष्टि अधू म्हणून पहिल्या तपासणींत नापास झाला. त्यानें आपली मोटारसायकल विकली, त्या पैशांतून एका नामांकित नेत्रवैद्याकडून डोळे पुन्हां तपासून घेतले आणि पहिला निकाल फिरवून घेतला. तिसरा एरॉल सेन हाही बंगालीच. आणि चौथा, केंब्रिजचें पाणी प्यालेला मुंबईचा श्रीकृष्ण वेलिंकर. चौघेही सुखवस्तु घरांतले, विलायतेंत शिकावयास ठेविलेले. त्यांना कोणी सक्तीनें रणांत ओढलें नव्हतें. दार उघडावें म्हणून त्यांनींच तें ठोठावलें होतें.

आंत गेल्यावर तेथें काय शिकावें लागे, हें समजून घेतल्याखेरीज या तरुणांच्या धैर्याची कल्पना येणार नाहीं. प्रथम कांहीं आठवडे वर्गांतले धडे. इंजिनाचे भाग सुटे करून पुन्हां जोडणें, नकाशा वाचणें, तारायंत्राची कट्ट-कडकट्ट लिपि पाठ करणें, यांत्रिक बंदूक अडकली तर ती अंधारांतही मोकळी करणें. मग शिक्षकाबरोबर प्रत्यक्ष उड्डाण. आरंभीच्या काळांत हें शिक्षण फार ओबडधोबड होतें. शिक्षक व शिष्य यांना इंजिनाच्या आवाजांत एकमेकांचें बोलणें ऐकूं येत नसे. शिक्षकाचा हात खांद्यावर जसा पडेल तसें शिष्यानें समजून घ्यावें. थोडे तास असे गेले कीं एके सकाळीं शिक्षक खालीं उतरे आणि शिष्यानें एकट्यानें विमान वर न्यावें. विमान गिरकी घेऊन खालीं कोसळूं लागलें तर काय करावें, हें कित्येक शिक्षकांनाच ठाऊक नव्हतें. त्यामुळें रणांगण दिसण्यापूर्वींच अनेक शिकाऊ वैमानिक प्राणांस मुकले.

१९१७ सालीं गॉसपोर्ट येथील शिक्षणपद्धतीनें यांत मोठी सुधारणा झाली. मेजर स्मिथ-बॅरी नांवाच्या अधिकाऱ्यानें असा नियम घातला कीं, संकटापासून शिष्याला दूर ठेवूं नये, तर संकटांत मुद्दाम नेऊन त्यांतून बाहेर पडावयास शिकवावें. बोलण्यासाठीं रबरी नळी आली. गिरकी घेणें व ती मोडणें हे रोजचे धडे झाले. तरीही दोन गोष्टी बदलल्या नाहींत. ब्रिटिश वैमानिकाला हवाई छत्री दिलेली नसे. विमान पेटलें तर त्याबरोबर जळावें किंवा उडी टाकावी, एवढींच दोन दारें उघडीं असत. आणि उंचीवरच्या थंडीला उत्तर नव्हतें. तोंडाला चरबी फांसून, कातडी डगला घालून माणूस उघड्या बैठकींत बसे आणि प्राणवायु विरळ होत जाई तसतसें त्याचें डोकें जड होई. मुंबईच्या दमट हवेंत वाढलेल्या देहाला तें कसें सोसलें असेल, याची कल्पना ज्याची त्यानेंच करावी.

वेलिंकरच्या तुकडीपाशीं सॉपविथ डॉल्फिन नांवाचीं विमानें होतीं. १९१८ च्या आरंभीं आघाडीवर आलेलें हें यंत्र उंचावर चांगलें लढे. पण त्याची ठेवण चमत्कारिक होती. वैमानिकाचें डोकें वरच्या पंखाच्याही वर उघडें राही. त्यामुळें वरचें आभाळ स्वच्छ दिसे. पण उतरतांना विमान उलटलें तर सारा भार वैमानिकाच्या मानेवर येई. शत्रूला पाहण्याची सोय आणि स्वतःच्या मानेची भीति, दोन्ही एकाच बैठकींत बसविलेलीं होतीं.

येथें श्रोत्यांच्या मनांत एक प्रश्न येईल. ज्या राज्यानें आपल्याला गुलाम करून ठेवलें, त्याच राज्यासाठीं या मुलांनीं कां लढावें? प्रश्न रास्त आहे, आणि त्या काळच्या महाराष्ट्रालाही तो पडला होता. १० जून १९१८ रोजीं मुंबईस गव्हर्नर विलिंग्डन यांच्या अध्यक्षतेखालीं युद्धपरिषद भरली. लोकमान्य टिळक बोलावयास उठले आणि स्वराज्याचा प्रश्न व देशाच्या रक्षणाचा प्रश्न हे निराळे करतां येणार नाहींत, अशा आशयाचें बोलूं लागले. गव्हर्नरांनीं त्यांना अडविलें. टिळक सभागृह सोडून निघून गेले. त्याच वर्षीं टिळकांनीं गांधीजींकडे पन्नास हजार रुपयांचा चेक पाठविला होता. हिंदी लोकांना सैन्यांत अधिकाराच्या जागा मिळतील असें वचन गांधीजींनीं सरकारकडून मिळवावें, म्हणजे आपण पांच हजार मराठे भरती करून देऊं, आणि न दिल्यास ती रक्कम जप्त समजावी, अशी ती पैज होती. गांधीजींनीं चेक परत केला. पण टिळकांची मागणी काय होती तें त्यावरून स्पष्ट होतें. हुकूम पाळणारा हिंदी शिपाई सरकारला हवा होता. हुकूम देणारा हिंदी अधिकारी लोकमान्यांना हवा होता.

त्या परिषदेनंतर बरोबर सतरा दिवसांनीं, २७ जून १९१८ रोजीं, लोकमान्य ज्या जागा मागत होते तशाच एका जागेवर बसलेला मुंबईचा एक तरुण फ्रान्सच्या आभाळांत गस्तीवर गेला आणि परत आला नाहीं.

तुकडीच्या दप्तरांत त्याच्या नांवापुढें ‘बेपत्ता’ असा शेरा पडला. ‘मृत’ या शब्दानें घरांतला दिवा विझतो. ‘बेपत्ता’ या शब्दानें तो फडफडत राहतो. समुद्रापलीकडे मुंबईला त्याच्या घरीं तो शेरा कोणत्या स्वरूपांत पोंचला असेल आणि किती रात्री कोणी दाराकडे कान लावून काढल्या असतील, हें सांगावयास नको. प्रत्यक्षांत घडलें होतें तें असें. जखमी वेलिंकर शत्रूच्या हद्दींत उतरला, जर्मनांच्या हातीं सांपडला आणि तीन दिवसांनीं, ३० जून रोजीं, कैदेंतच त्याचा अंत झाला. जर्मनांनीं त्याला रीतसर पुरलें आणि वर खूणही केली. पण वेलिंकर हें नांव त्यांच्या कानाला अनोळखी. थडग्यावर लिहिलें गेलें ‘ओबरलॉयटनंट एस्. सी. वुमकर’.

वुमकर नांवाचा अधिकारी ब्रिटिश सैन्यांत नव्हताच. जर्मन सैन्यांतही नव्हता. त्यामुळें एका बाजूला ज्याचें थडगें नाहीं असा वेलिंकर आणि दुसऱ्या बाजूला ज्याचें घर नाहीं असा वुमकर, अशीं एकाच माणसाचीं दोन अर्धीं माणसें कागदोपत्रीं निराळींच राहिलीं. युद्ध संपल्यावर बेपत्ता वैमानिकांचा शोध चिकाटीनें करण्यांत आला. मृतदेहांची खातरजमा होऊन दोन्ही अर्धीं जुळलीं, आणि वुमकरचा पुन्हां वेलिंकर झाला. मग त्याला हांगारच्या दफनभूमींत आणून ठेवण्यांत आलें आणि त्याचें खरें नांव दगडावर चढलें. मराठी आडनांवांत गांव सांठविलेलें असतें. ‘कर’ या दोन अक्षरांच्या मागें कोठलें तरी शिवार, कोठलें तरी देऊळ, कोठली तरी वाट असते. जर्मन लेखनिकाच्या हातून शेवटचा ‘कर’ तेवढा वांचला होता. जणु त्या दोन अक्षरांना धरूनच मेलेला माणूस आपल्या नांवापर्यंत परत आला.

बाकीच्या तिघांची कथा थोडक्यांत सांगतां येईल. इंद्रलाल रॉयनें १९१८ च्या जुलैंत अवघ्या दोन आठवड्यांत शत्रूचीं दहा विमानें पाडलीं, आणि २२ जुलै रोजीं, वेलिंकरच्या पाठोपाठ तीन आठवड्यांनीं, तोही पडला. तेव्हां तो एकोणीस वर्षांचा होता. डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हें मानचिन्ह त्याला मरणोत्तर मिळालें; हा मान मिळविणारा तो पहिला हिंदी. त्याच्या थडग्यावर बंगालींत मजकूर कोरलेला आहे. ही वीराची समाधि आहे, तिचा मान राखा, अशा अर्थाचा तो मजकूर. सेन १९१७ च्या सप्टेंबरांतच कैद झाला होता. तो युद्धानंतर सुटून आला. मलिक जखमी झाला, पण वांचला. पुढें तो पतियाळाचा पंतप्रधान झाला, स्वतंत्र भारताचा प्रतिनिधि म्हणून कॅनडांत आणि फ्रान्समध्यें राहिला आणि १९८५ पर्यंत जगला. ज्या फ्रान्सच्या आभाळांत त्यानें गोळ्या झेलल्या होत्या, त्याच फ्रान्समध्यें तो पुढें राजदूत म्हणून वावरला.

आतां थोडें मराठवाड्याकडे वळावयास हवें. आजच्या हिंगोली जिल्ह्याच्या सेनगांव तालुक्यांतील गोरेगांव आणि त्याच्या भोंवतालचा सारा मुलूख त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होता. हिंगोलीला तर एके काळीं हैदराबाद कंटिंजंटची छावणीच होती. या टापूचा आणि फ्रान्सच्या आभाळाचा कांहीं संबंध असेल असें कोणाच्या स्वप्नांतही येणार नाहीं. पण संबंध होता. निजाम मीर उस्मान अली खान यांनीं ब्रिटिश विमानदलाला एक संपूर्ण तुकडी विमानें देणगी म्हणून दिली. डी हॅविलंड नऊ-ए या जातीचीं हीं बाँबफेकी विमानें मिळालेली ती पहिलीच तुकडी. तिचें नांव पडलें ‘११० वी हैदराबाद तुकडी’. प्रत्येक विमानावर ‘हैदराबादच्या निजामांकडून भेट’ अशा अर्थाचीं अक्षरें व विमानाचा क्रमांक रंगविलेला असे. १९१८ च्या सप्टेंबरांत ही तुकडी फ्रान्समधून जर्मनीच्या शहरांवर हल्ले करूं लागली आणि थोड्याच आठवड्यांत तिचें फार मोठें नुकसान झालें.

या विमानांवर हैदराबादचें नांव होतें. चालविणारे हैदराबादचे नव्हते. देणगी निजामाच्या नांवाची होती. निजामाची तिजोरी मात्र ज्या साऱ्यानें भरे, त्यांत औरंगाबाद-परभणीकडच्या काळ्या जमिनीचाही सारा होता. गोरेगांवच्या शेतकऱ्याच्या डोक्यावरून तोंवर विमान गेलेंही नसेल, आणि आपल्या राज्याच्या नांवाचें विमान जर्मनीवर घिरट्या घालीत आहे याची त्याला गंधवार्ता असण्याचें कारण नव्हतें. त्यांपैकीं ‘हैदराबाद क्रमांक बारा-ए’ हें विमान ५ ऑक्टोबर १९१८ रोजीं शत्रूच्या हद्दींत उतरविलें गेलें. जर्मनांनीं तें बर्लिनच्या संग्रहालयांत ठेवलें. दुसऱ्या महायुद्धांत बाँबवर्षावापासून बचावासाठीं तें पूर्वेकडे हलविण्यांत आलें आणि पुढें पोलंडमधील क्राको येथें सांपडलें. १९७७ सालीं तें ब्रिटनला परत आलें आणि दुरुस्त होऊन लंडनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयांत उभें राहिलें. लांकूड आणि कापड यांचें तें यंत्र आपल्या कुशीवर हैदराबादचें नांव घेऊन टिकून राहिलें आहे.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत परिस्थिति पालटली. १९३० सालीं क्रॅनवेलच्या विमानविद्यालयांत हिंदी विद्यार्थी प्रथम दाखल झाले. त्यांत पुढें भारतीय विमानदलाचे पहिले हिंदी सेनापति झालेले सुब्रतो मुकर्जी होते. ८ ऑक्टोबर १९३२ रोजीं हिंदी विमानदल कायद्यानें अस्तित्वांत आलें. दुसरें महायुद्ध सुरू झाल्यावर वैमानिकांची गरज एवढी वाढली कीं हिंदुस्थानांतच शाळा निघाल्या. त्यांपैकीं प्राथमिक उड्डाणाची एक शाळा निजामाच्या राजधानींत, बेगमपेठच्या विमानतळावर होती. मुंबईंत जन्मलेले हृषीकेश मुळगांवकर १९४० मध्यें विमानदलांत अधिकारी झाले, काश्मीरच्या लढाईंत महावीर चक्राचे मानकरी ठरले आणि १९७६ ते १९७८ या काळांत विमानदलाचे सेनापति होते. वेलिंकरला ज्यासाठीं सातासमुद्रांपलीकडे दार ठोठावावें लागलें, तें बावीस वर्षांनीं मुळगांवकरांना स्वदेशांत मिळालें.

तरी १९४० च्या शरदांत व्यापारी परवाना असलेल्या चोवीस हिंदी वैमानिकांना पुन्हां विलायतेंत नेण्यांत आलेंच. लंडनवर रोज बाँब पडत होते आणि ब्रिटनला तयार वैमानिक हवे होते. यांत एक मनमोहन सिंग होता. आगाखानांनीं १९३० मध्यें लावलेल्या हिंदुस्थान-विलायत उड्डाणाच्या शर्यतींत ‘मिस इंडिया’ नांवाचें आपलें चिमुकलें विमान घेऊन उतरलेला तोच हा पट्टीचा उड्डाणवीर. युद्धांत त्याच्या वांट्याला समुद्रावर गस्त घालणारीं, पाण्यावरच उतरणारीं प्रचंड विमानें आलीं. त्यांना ‘उडत्या नौका’ म्हणत. तारवाचें आणि विमानाचें असें दोन्हींचें ज्ञान त्यांच्या चालकाला लागे. भरती-ओहोटी, वारा, नांगर आणि दोर हेंही त्याच्याच विद्येंत मोडे. पूर्वेकडे जपाननें मुसंडी मारल्यावर तो तिकडे गेला. ३ मार्च १९४२ रोजीं ऑस्ट्रेलियाच्या ब्रूम बंदरांत जावाहून निसटलेल्या डच बायकामुलांनीं भरलेल्या उडत्या नौका नांगरून उभ्या होत्या. जपानी लढाऊ विमानें अचानक आलीं आणि थोड्याच वेळांत बंदरांतील पंधरा उडत्या नौका भस्म झाल्या. अठ्ठ्याऐंशी तरी माणसें मेलीं. मनमोहन सिंग त्यांत होता.

याच काळांत उलट दिशेनेंही तरुण समुद्र ओलांडीत होते. ब्रिटन व न्यूझीलंड येथील कित्येक मुलें आरमारी वैमानिक होण्यासाठीं अमेरिकेंतील पेन्साकोला येथें व कॅनडांतील किंग्स्टन येथें शिकलीं. त्यांच्या स्वतःच्या बेटावर शत्रूच्या विमानांचा सुळसुळाट होता, म्हणून शिकण्यासाठीं निर्धोक आभाळ दुसऱ्याकडून उसनें घ्यावें लागलें. डुलणाऱ्या जहाजाच्या अरुंद फळीवर उतरण्याची त्यांची विद्या तर जमिनीवरच्या वैमानिकालाही धडकी भरविणारी. शिकून झाल्यावर त्यांपैकीं अनेक जण हिंदी महासागरावर आले. दक्षिण हिंदुस्थान व सिलोन येथें त्यांच्यासाठीं जे तळ उघडले गेले त्यांना ब्रिटिश आरमारानें तेथल्याच भाषांतील पक्ष्यांचीं नांवें दिलीं. सिलोनांत ‘उकुस्सा’ आणि ‘राजलिया’, कोइमतूरला ‘गरुड’. अमेरिकेंत उडावयास शिकलेला न्यूझीलंडचा मुलगा ‘गरुडा’वर हजेरी देऊं लागला. त्यांतले बरेच परतले नाहींत. ज्यांना थडगें लाभलें नाहीं अशा सुमारें दोन हजार आरमारी वैमानिक-सैनिकांचीं नांवें इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ली-ऑन-सोलंट येथील स्मारकावर कोरलीं आहेत. पुण्याजवळ खडकीच्या युद्धस्मशानांत परदेशांतून आलेले असे दीड हजारांहून अधिक सैनिक विसावले आहेत. त्यांचीं नांवें आपण शुद्ध ठेवावीं आणि आपल्यांचीं त्यांनीं, हा न लिहिलेला करारच म्हणावा लागेल.

‘गरुड’ हें नांव पुढें स्वतंत्र भारताच्या आरमारानें आपल्या पहिल्या विमानतळाला दिलें; तो ११ मे १९५३ रोजीं कोचीनला सुरू झाला. परदेशांत शिकण्याची गरज मात्र लगेच संपली नाहीं. आरमाराची पहिली लढाऊ तुकडी, ‘श्वेत व्याघ्र’, १९६० सालीं वेल्समधील ब्रॉडी येथें उभी राहिली. पाणबुड्या हुडकणारी दुसरी तुकडी १९६१ च्या मार्चांत फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, येर येथें. त्याच महिन्यांत बेलफास्टला ‘विक्रांत’ नौदलांत दाखल झाली आणि १८ मे रोजीं तिच्या फलाटावर पहिला भारतीय वैमानिक उतरला. तो लेफ्टनंट ताहिलियानी पुढें सरसेनापति झाला. त्याच सालच्या डिसेंबरांत गोवा मुक्त झाला आणि कांहीं वर्षांनीं दाभोळीचा विमानतळ आरमारी वैमानिकांचें घर बनला. १९७१ च्या युद्धांत विक्रांतवरच्या विमानांनीं बंगालच्या उपसागरांत जो पराक्रम केला तो सर्वश्रुत आहे. पश्चिमेकडील समुद्रावर मात्र १० डिसेंबर १९७१ रोजीं आरमाराचें एक आलिझे विमान तिघा जणांसह शत्रूनें पाडलें. त्यांचें थडगें कोठेंही नाहीं. दाभोळीजवळ बोगमाळोच्या वाटेवर १९९८ मध्यें आरमारी विमानांचें जें संग्रहालय उघडलें, तेथें तीं जुनीं सी-हॉक व आलिझे विमानें उभीं आहेत. मुलांना घेऊन गोव्याला जाणाऱ्या कुटुंबांनीं समुद्रकिनाऱ्यावरचा एक तास तेवढा तिकडे द्यावा.

स्मारक म्हणजे दगड, असें आपण समजतों. पण वेलिंकरच्या थडग्यावर पहिला जो फलक लागला तो सुद्धां स्मारकच होता. त्यावरचें नांव मात्र दुसऱ्याच कोणाचें होतें. चुकलेल्या नांवाचें स्मारक हें विस्मरणाहून फारसें निराळें नसतें. कोणी तरी चिकाटीनें कागद जुळविले, कोणी तरी विचारणा सोडली नाहीं, म्हणून तें नांव सुधारलें. ज्या घरांतून कोणी आजोबा, चुलत आजोबा, मामा अशा एखाद्या युद्धांत गेले असतील, त्या घरांत ट्रंकेच्या तळाशीं एखादें पत्र, एखादें पदक, गणवेशांतला पुसट होत चाललेला फोटो असण्याचा संभव आहे. त्या फोटोच्या मागें आजच, ज्यांना आठवतें त्यांना विचारून, पूर्ण नांव, गांव आणि साल शाईनें लिहून ठेवावें. शाळांनीं आपल्या जुन्या हजेरीपटांत अशीं नांवें शोधावीं. गोरेगांवसारख्या गांवच्या शिक्षकानें ‘हैदराबाद क्रमांक बारा-ए’ या विमानाची गोष्ट वर्गांत सांगितली, तर आपल्या शिवाराचा आणि जगाच्या इतिहासाचा धागा मुलांना आपल्या हातांत असल्यासारखा वाटेल.

कोणाच्या झेंड्याखालीं ते लढले याचा हिशेब इतिहास करील आणि त्यानें तो कठोरपणें करावा. पण विशी-पंचविशींतल्या ज्या मुलांनीं बंद दार ठोठावून उघडविलें, परक्या आभाळांत जाऊन अवघड विद्या हस्तगत केली आणि मागून येणाऱ्यांसाठीं वाट रुळविली, त्यांचें देणें त्या हिशेबांत बुडूं नये. तें फेडण्याची रीत फार सोपी आहे. त्यांचें नांव अचूक उच्चारावें आणि पुढच्याला अचूक सांगावें.